भाड्याच्या तारखेआधी: घर टिकवणारी रोख मदत कशी आखावी

कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला दरमहा थोडे पैसे दिले की त्याचं राहतं घर आपोआप सुरक्षित होतं, असं मदत देणाऱ्या अनेक संस्था गृहीत धरतात. घर जातं ते मात्र एका ठरावीक तारखेला, एका ठरावीक रकमेअभावी. त्या तारखेला ती रक्कम हातात असली तर घर टिकतं. दहा दिवसांनी दुप्पट आली तरी कुलूप बदललेलं असतं. त्यामुळे मदतीचा हेतू घर टिकवणं हा असेल, तर रक्कम, तारीख आणि मुदत या तिन्ही गोष्टी भाड्याच्या हिशेबाने ठरवाव्या लागतात. पुढची माहिती प्रामुख्याने मदतीची योजना आखणाऱ्या आणि राबवणाऱ्यांसाठी आहे. शेवटाकडे कुटुंबांच्या उपयोगाचा एक छोटा भागही आहे.

कोणती मदत कशासाठी

एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. पहिली, संकटातली एकवेळची मदत: भाडं थकलंय, नोटीस आलीय, घर जायच्या बेतात आहे. दुसरी, दरमहाची मदत: घर आहे, पण महिन्याचं गणित सतत काठावर. तिसरी, घर नसलेल्याला पुन्हा घरात शिरता यावं म्हणून दिलेली मोठी ठोक रक्कम. या तिघींचे परिणाम वेगवेगळे आहेत, आणि एकीकडून दुसरीचं काम करून घ्यायला गेलं की निराशा पदरी पडते.

संकटातल्या मदतीबद्दलचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. शिकागोत घर जाण्याच्या उंबरठ्यावरच्या लोकांसाठी एक फोन केंद्र चालतं. तिथे पात्र माणसाला एकवेळची भाडेमदत मिळते, पण निधी रोज शिल्लक असेलच असं नाही. निधी असलेल्या दिवशी फोन केलेले आणि संपलेल्या दिवशी फोन केलेले, यांच्यात नशिबाखेरीज फारसा फरक नव्हता. अभ्यासकांनी नेमकी हीच तुलना केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, निधी असताना फोन करणारे पुढच्या सहा महिन्यांत निवारागृहात जाण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी निघालं. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत २०१९ आणि २०२० मध्ये लॉटरी पद्धतीने अशीच मदत देऊन पाहिली. तिथे बेघर होण्याचं प्रमाण सहा महिन्यांत ८१ टक्क्यांनी आणि वर्षभरात ७३ टक्क्यांनी घटलं.

आकडे मोठे आहेत, पण शिकागोच्या आकड्याची दुसरी बाजू योजना आखणाऱ्याने विसरू नये. निधी संपलेल्या दिवशी फोन केलेल्यांपैकीही निवारागृहात गेले ते शंभरात साधारण दोन. बाकीच्यांनी उसनवारी केली, नातेवाइकांकडे गेले, घरमालकाशी तडजोड केली. म्हणजे एक कुटुंब रस्त्यावर येण्यापासून वाचवायला बऱ्याच कुटुंबांना मदत द्यावी लागते. त्या अभ्यासात एक प्रसंग टाळण्याचा खर्च सुमारे १०,३०० डॉलर येत होता, आणि सर्वांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर लक्ष दिलं असतं तर तो बराच उतरला असता. निवड कशी करायची हे पुढे येईल. सगळा पैसा तिथेच वाचतो किंवा वाया जातो.

उलट उदाहरणही आहे. कोविडच्या काळात अमेरिकेतल्या चार ठिकाणी सोडत काढून भाडेमदत वाटली गेली. लोकांच्या मनावरचा ताण हलका झाला, पण घर टिकण्यातला फरक किरकोळ निघाला. त्या वेळी घर खाली करवण्यावर निर्बंध होते आणि इतर सरकारी मदतही चालू होती, त्यामुळे मदत न मिळालेलेही बहुतेक घरातच होते. घर जाण्याचा धोका नसतो तिथे घर वाचवल्याचा आकडाही दिसत नाही.

दरमहाच्या मदतीचा परिणाम संथ आणि वेगळ्या ठिकाणी दिसतो. अमेरिकेतल्या कमावत्या गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या करसवलतीवरचे अभ्यास सांगतात, की हातात जास्त पैसे आले की कुटुंबं दुसऱ्यांच्या घरात दाटीवाटीने राहणं कमी करतात आणि भाड्याचा बोजा हलका होतो. घर खाली करायला लागण्याच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहरात फेब्रुवारी २०१९ पासून १२५ जणांना दोन वर्षं दरमहा ५०० डॉलर दिले. पहिल्या वर्षात त्यांच्या घरचं उत्पन्न महिन्यागणिक सरासरी ४६.४ टक्के वरखाली होत होतं, तर मदत न मिळालेल्यांचं ६७.५ टक्के. भाडं दर महिन्याला तेवढंच असतं, त्यामुळे हा चढउतार कमी होणं हेच दरमहाच्या मदतीचं खरं काम.

ठोक रकमेचं उदाहरण कॅनडातल्या व्हँकुव्हरचं. तिथे बेघर झालेल्या ५० जणांना प्रत्येकी ७,५०० कॅनेडियन डॉलर एकदम दिले, आणि न मिळालेल्या ६५ जणांशी तुलना केली. मदत मिळालेल्यांचे वर्षभरातले बेघर दिवस ९९ ने कमी भरले. इथे एक मेख आहे: व्यसनाची किंवा मानसिक आजाराची गंभीर लक्षणं असलेल्यांना त्या प्रयोगात घेतलं नव्हतं. त्यामुळे हा निष्कर्ष सरसकट सगळ्या बेघरांना लावू नये.

रक्कम काढायची रीत

गोल आकडा ठरवून वाटप करणं सोपं, म्हणून सगळे तसंच करतात. घर टिकवायचं असेल तर निदान प्रातिनिधिक दहा-पंधरा कुटुंबांचा सहा महिन्यांचा हिशेब आधी मांडावा. भाडं १०० मानू. एका कुटुंबाचे टाळता न येणारे बाकीचे खर्च, म्हणजे अन्न, वीज, प्रवास, औषध, कर्जाचे हप्ते, महिन्याला १५०. एकूण गरज २५०. सहा महिन्यांचं उत्पन्न असं: २४०, २६०, १४०, २३०, २१०, २४०. बेरीज १,३२०, सरासरी २२०. म्हणजे सरासरी तूट ३०. कागदावर दरमहा ३० दिले की प्रश्न सुटला.

आता महिन्यागणिक पाहा. पहिल्या महिन्यात मदतीसह २७०, शिल्लक २०. दुसऱ्यात २९०, शिल्लक एकूण ६०. तिसऱ्या महिन्यात काम बुडालं, उत्पन्न १४०, मदत धरून १७०, खर्च २५०, तूट ८०. आधीचे ६० एकही नाणं न मोडता जपले असतील तरी २० कमी पडतात. ते ६० मुलाच्या आजारपणात गेले असतील (आणि बहुधा गेलेलेच असतात) तर ८० कमी पडतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण भाडं थकतं. सरासरी भरून काढली तरी घर धोक्यात आलं.

यावरचा उपाय दरमहाची रक्कम वाढवत नेणं हा नाही, तो महाग पडतो. दरमहा ३० आणि त्याशिवाय एका महिन्याच्या भाड्याएवढी, म्हणजे १०० ची, बाजूला ठेवलेली रक्कम, जी कुटुंबाला एका फोनवर दोन दिवसांत मिळेल, अशी जोडगोळी करावी. वर्षाचा खर्च ३० गुणिले १२ अधिक १००, म्हणजे ४६०. साडेचार महिन्यांच्या भाड्याहून थोडा जास्त. तिसऱ्या महिन्याचा खड्डा दरमहाच्या मदतीतूनच भरता यावा म्हणून ती ११० केली असती तर वर्षाचा खर्च १,३२० झाला असता.

ही बाजूची रक्कम मागायला कारणमीमांसेचा अर्ज ठेवू नये. 'या महिन्यात उत्पन्न कमी आलं, भाड्याला एवढे कमी पडतात' इतकं पुरे. वर्षातून दोनदा, किंवा एकूण १०० पर्यंत, अशी मर्यादा आधीच सांगून ठेवली की गैरवापराची भीती उरत नाही.

भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत असावं, हा जगभर वापरला जाणारा ढोबळ मापदंड आहे. ५० टक्क्यांच्या वर गेलं की कुटुंब गंभीर ओढाताणीत आहे असं धरतात. वरच्या उदाहरणात भाडं उत्पन्नाच्या ४५ टक्के आहे. भाडं ७०-८० टक्क्यांवर गेलेलं असेल तर छोट्या मदतीने ते घर टिकवायचा हट्ट धरू नये. तिथे स्वस्त घरात जायला मदत करणं शहाणपणाचं. फिलाडेल्फियात २०२२ मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगात घराचा खर्च आणि उत्पन्नाचे ३० टक्के यांतला फरकच रोख दिला गेला. महाग पद्धत, पण हिशेब सर्वांत प्रामाणिक.

थकबाकी आधी, हप्ता नंतर

सर्वाधिक चुका इथे होतात. कुटुंबावर दोन महिन्यांचं भाडं थकलेलं असताना दरमहा ३० ची मदत सुरू केली, तर कुटुंब ते पैसे जुन्या थकबाकीत भरत राहतं, चालू भाडं पुन्हा थकतं, आणि घरमालकाच्या वहीत आकडा तसाच राहतो. नोटिशीचा काळ मात्र सरत असतो. म्हणून नाव नोंदवतानाच विचारावं: किती महिने थकले, दंड किती लागला, वीज-पाण्याची बिलं किती बाकी, आणि घरमालकाने काही लेखी दिलं आहे का.

थकबाकी असेल तर ती एकरकमी मिटवावी, आणि पैसे देण्याआधी घरमालकाकडून चार ओळी लिहून घ्याव्यात: इतकी रक्कम मिळाल्यावर थकबाकी शून्य मानली जाईल, दिलेली नोटीस किंवा दावा मागे घेतला जाईल, आणि निदान अमुक महिने भाडेकरूला राहू दिलं जाईल. हे न करता पैसे दिले की काय होतं ते ठरलेलं आहे: थकबाकी वसूल करून घरमालक पुढच्याच महिन्यात वेगळ्या कारणाने घर खाली करायला सांगतो. मदतीचा पैसा त्याच्या बुडीत वसुलीला लागलेला असतो. न्यायालयात प्रकरण गेलं असेल तर तडजोड तिथल्या नोंदीत उतरली पाहिजे, नुसता तोंडी शब्द पुरत नाही.

घरमालकाशी बोलणी करताना संस्थेने थोडं घासाघीस करायला लाजू नये. एकरकमी आणि खात्रीचे पैसे समोर दिसत असतील तर दंड सोडायला बरेच जण तयार होतात.

पैसे कोणाच्या हाती द्यायचे, यावर मतभेद आहेत. थकबाकी थेट घरमालकाच्या खात्यात जमा करावी, किंवा कुटुंबाला देऊन चोवीस तासांत पावती घ्यावी. दरमहाची मदत मात्र कुटुंबालाच द्यावी. थेट भाडं भरण्याच्या पद्धतीत घरमालकाला कागद भरावे लागतात, काही जण त्याच कारणाने नकार देतात, आणि मदत मिळते हे कळल्यावर भाडं वाढवणारेही भेटतात. शिवाय पोटभाडेकरू, एका खोलीत वाटून राहणारी कुटुंबं, करार नसलेले लोक या पद्धतीतून सरळ गळून पडतात, आणि सर्वाधिक धोका त्यांनाच असतो.

तारीख

भाड्याची तारीख विचारल्याशिवाय हप्त्याची तारीख ठरवू नये. भाडं १ तारखेला द्यायचं असेल आणि मदत १० तारखेला येत असेल, तर कुटुंब दर महिन्याला नऊ दिवस उशिरा भाडं भरतं आणि दंड सोसतं. दंड भाड्याच्या ५ टक्के असला तर वरच्या उदाहरणातल्या ३० पैकी ५ दर महिन्याला दंडात जातात, म्हणजे मदतीचा सहावा हिस्सा. पैसे भाड्याच्या तारखेआधी तीन ते पाच कामाचे दिवस पोचावेत. याहून आधी दिले तर ते दुसऱ्या खर्चात मिसळतात. याहून उशिरा दिले तर बँकेची एक सुट्टी सगळं बिघडवते.

सगळ्या कुटुंबांची तारीख एकच नसते. दोन गट करावेत, महिन्याच्या सुरुवातीचा आणि मध्याचा; चार गट केले की हिशेबनीसाच्या डोक्याला ताप होतो आणि चुका वाढतात.

पहिला हप्ता सर्वांत जास्त चुकतो. खात्याच्या नावात एका अक्षराचा फरक, बरेच दिवस न वापरल्याने गोठलेलं खातं, ओळखपत्र जोडलेलं नसणं, बंद पडलेला मोबाइल क्रमांक. म्हणून खऱ्या हप्त्याच्या दहा दिवस आधी अगदी लहानशी रक्कम पाठवून पाहावी आणि कुटुंबाने 'पोचली' असं सांगेपर्यंत नाव पक्कं धरू नये. दुसरी गोम अधिक वाईट: खात्यावर कर्जाचा हप्ता आपोआप कापण्याची सूचना दिलेली असते, किंवा खातं आधीच उणे शिल्लक असतं. मदत जमा झाली की बँक किंवा सावकारी कंपनी ती त्याच मिनिटाला ओढून घेते. अशा वेळी नवं, कोरं खातं किंवा संस्थेने दिलेलं पैसे भरता येणारं कार्ड वापरावं. आणि घरात मारहाण किंवा पैशावर ताबा ठेवण्याचा प्रकार असेल तर संयुक्त खात्यात पैसे टाकू नयेत. बाईच्या स्वतःच्या नावाचं, तिच्याच मोबाइलला जोडलेलं खातं असावं. ही चौकशी एकांतातच करावी.

कोणाला द्यायची

निवडीचे निकष लावताना दोन मोह टाळावे लागतात. एक म्हणजे 'जे मदतीचं सोनं करतील' अशांना निवडण्याचा. अशी कुटुंबं बहुतेक वेळा मदतीशिवायही तरून जातात, मग वर्षाअखेरीस अहवाल चकाचक दिसतो आणि परिणाम शून्य असतो. दुसरा, पहिल्या येणाऱ्याला पहिली मदत. नोटीस हातात असलेली, दोन पाळ्यांत काम करणारी आई सकाळी दहाच्या रांगेत सर्वांत शेवटी असते.

घर जाण्याचा धोका दाखवणाऱ्या खुणा बऱ्यापैकी ओळखीच्या आहेत: आधी कधी बेघर होण्याची वेळ आलेली असणं, गेल्या वर्षात दोन-तीनदा घर बदललेलं असणं, सध्या दुसऱ्याच्या घरात आश्रयाला असणं, लेखी नोटीस, उत्पन्न भाड्याच्या दुपटीहूनही कमी, गरोदर बाई किंवा तान्हं मूल, नुकताच सुटलेला रोजगार, घरातल्या कमावत्याचा मृत्यू किंवा विभक्त होणं. प्रत्येकीला एक-दोन गुण द्यावेत, नोटिशीला आणि आधीच्या बेघरपणाला तीन. बेरजेच्या वरच्या गटातून निधी पुरेल तितक्यांना द्यावं, आणि समान गुणांवर निधी संपत असेल तर उघड सोडत काढावी. सोडतीत वशिला चालत नाही, आणि पुढे परिणाम मोजायला तिचाच उपयोग होतो.

कागदपत्रं तीनच मागावीत: ओळख, त्या घरात राहत असल्याचा पुरावा, आणि भाडं किंवा थकबाकी किती याचा पुरावा. करार नसेल तर भाडं पाठवल्याचे संदेश, त्या पत्त्यावरचं बिल, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, किंवा शेजारच्या दोघांचं लेखी म्हणणं चालवून घ्यावं. उत्पन्नाचा पुरावा रोजंदारीवरच्या माणसाकडे नसतोच. तिथे स्वतःच्या सहीचं निवेदन घ्यावं आणि दर दहातल्या एकाची प्रत्यक्ष पडताळणी करावी. प्रत्येक जादा कागद म्हणजे निर्णयाला तीन-चार दिवस जास्त, आणि काही कुटुंबं कायमची बाहेर.

निर्णयाला लागणारा काळ नोटिशीच्या मुदतीच्या निम्म्याहून कमी असला पाहिजे. नोटीस चौदा दिवसांची असेल तर सातव्या दिवशी पैसे घरमालकाच्या खात्यात दिसायला हवेत. समितीची बैठक महिन्यातून एकदा भरत असेल तर तिने ठरावीक मर्यादेपर्यंतचा अधिकार दोन कर्मचाऱ्यांच्या संयुक्त सहीला देऊन टाकावा. नाहीतर ती समिती फक्त गेलेल्या घरांची नोंद ठेवते.

एका हाताने देणं, दुसऱ्याने काढून घेणं

कुटुंबाला आधीपासून काही सरकारी लाभ मिळत असतील तर नवी रोख मदत 'उत्पन्न' म्हणून धरली जाण्याचा धोका असतो. अनुदानित घराचं भाडं उत्पन्नाच्या ३० टक्के असं ठरत असेल, तर मदतीच्या दर १०० मागे ३० भाड्यातच परत जातात. उत्पन्नाची मर्यादा थोडक्यात ओलांडली गेली तर धान्य, उपचार किंवा फीसवलत पूर्ण बंद होऊ शकते, आणि मदतीने कुटुंब आधीपेक्षा गरीब होतं. यावर तीन उपाय आहेत: संबंधित सरकारी खात्याकडून आधीच लेखी सूट घेणं; मदतीला भेट किंवा आपत्कालीन साहाय्य असं स्वरूप देता येतं का हे जाणकाराकडून तपासणं; आणि कुणाचा लाभ बुडालाच तर भरपाईसाठी छोटा राखीव निधी ठेवणं. स्टॉकटनच्या योजनेत असा भरपाई निधी होता. प्रत्येक कुटुंबाला नाव नोंदवण्याआधी 'तुमचा कोणता लाभ कमी होऊ शकतो' हे आकड्यासह सांगावं आणि नको म्हणण्याची मोकळीक द्यावी.

मुदत आणि शेवट

अमेरिकेत जुलै ते डिसेंबर २०२१ या सहा महिन्यांत मुलांसाठीची वाढीव करसवलत दरमहा थेट खात्यात आली: सहा वर्षांखालच्या मुलामागे ३०० डॉलरपर्यंत, मोठ्यामागे २५० पर्यंत. सरकारी मदतही उत्पन्नात धरणाऱ्या तिथल्या पूरक दारिद्र्य मापनानुसार बालदारिद्र्य २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आलं. वाढीव सवलत पुढे चालू ठेवली नाही, आणि २०२२ मध्ये तेच प्रमाण १२.४ टक्के झालं. त्या उसळीमागे एवढं एकच कारण नव्हतं, इतर कोविड मदतही संपत होती. तरी घरभाड्याचा करार वर्षाचा आणि मदत सहा महिन्यांची, ही विसंगती योजना आखताना डोळ्यांसमोर ठेवावी.

निवारागृहात आलेल्या २,२८२ कुटुंबांवर अमेरिकेत एक मोठा तुलनात्मक अभ्यास झाला. त्यात दीर्घकाळ चालणारं भाडे अनुदान मिळालेल्या कुटुंबांची पुन्हा बेघर होण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर आली. थोड्या महिन्यांची भाडेमदत मिळालेल्यांची अवस्था नेहमीच्या सेवांवर सोडलेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. त्यामुळे ज्यांच्या उत्पन्नाची मूळ अडचण कायमची आहे, म्हणजे अपंगत्व, वृद्धत्व किंवा एकट्यावर चार मुलं, त्यांना सहा महिन्यांची योजना देऊन 'आता पायावर उभे राहा' म्हणण्यात अर्थ नाही. तात्पुरत्या धक्क्यासाठी तात्पुरती मदत, आणि कायमच्या तुटीसाठी लांब पल्ल्याची. निधी कमी असेल तर कुटुंबांची संख्या कमी करावी, मुदत नाही.

बंद करतानाची रीत: शेवटची तारीख पहिल्याच दिवशी लेखी द्यावी. संपण्याआधी चार महिन्यांपासून हप्ता १००, ७५, ५०, २५ टक्के असा उतरवत न्यावा. भाडेकरार नव्याने करायच्या महिन्यात मदत संपणार नाही असं पाहावं, कारण त्याच महिन्यात भाडंवाढ येते. बाजूची एक महिन्याची रक्कम मात्र शेवटच्या हप्त्यानंतर तीन महिने उपलब्ध ठेवावी. योजना संपल्यावरचा पहिला खड्डा बहुधा याच काळात येतो.

परिणाम मोजताना

'किती कुटुंबांनी घर बदललं' हा आकडा एकटा कुचकामी आहे. टेक्सास आणि इलिनॉय राज्यांत एक हजार जणांना तीन वर्षं दरमहा १,००० डॉलर देण्याचा जो प्रयोग झाला, त्यात मदत मिळालेले लोक उलट जास्त प्रमाणात घर बदलत होते. हातात पैसा आल्याने वाईट जागा किंवा नको असलेली संगत सोडता आली असेल, तर ते घर बदलणं यशात धरायचं. म्हणून घर बदलल्यावर एकच प्रश्न विचारावा: जावं लागलं की जावंसं वाटलं? त्याशिवाय मोजावं ते असं: भाडं वेळेवर भरलेले महिने, थकबाकी किती महिन्यांची, स्वतःच्या जागेशिवाय काढलेल्या रात्री, एका खोलीत माणसं किती, आणि मुलांना अधेमध्ये शाळा बदलावी लागली का. हे सुरुवातीला, तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मदत संपल्यावर सहा महिन्यांनी.

तुलनेचा गट नसेल तर निष्कर्ष काढू नये. डेन्व्हरमध्ये बेघर लोकांचे तीन गट केले: एकाला दरमहा १,००० डॉलर, दुसऱ्याला सुरुवातीला ६,५०० आणि मग दरमहा ५००, तिसऱ्याला दरमहा फक्त ५०. दहा महिन्यांनी तिन्ही गटांत स्वतःच्या किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपासच होतं. तिसरा गट नसता तर पहिल्या दोन गटांचे आकडे मोठं यश म्हणून मिरवले गेले असते. संकटात आलेली माणसं काही महिन्यांनी काही अंशी आपोआपही सावरतात, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी अडचण संपर्क तुटण्याची. ज्यांचं घर गेलं त्यांचाच फोन बंद होतो, आणि उरलेल्यांवरून काढलेला निकाल गोड येतो. नोंदणीच्या वेळी तीन वेगळ्या घरांत राहणाऱ्या तिघांचे क्रमांक घ्यावेत, आणि सापडत नसलेल्या कुटुंबाला अहवालात 'माहिती नाही' असं वेगळं दाखवावं, बेरजेतून गाळू नये.

मदत मिळणाऱ्या कुटुंबासाठी

पैसे आल्याच्या दिवशीच भाडं भरा आणि पावती किंवा संदेश जपून ठेवा. रोख दिलं तर सही घ्याच. भाडं थकणार असं दिसलं तर तारखेच्या आधी घरमालकाला कळवा आणि कधी व किती देणार ते लेखी पाठवा. अर्धं भाडं वेळेवर देणं हे पूर्ण भाडं वीस दिवसांनी देण्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडतं, मात्र अर्धी रक्कम घेऊनही नोटीस चालू राहते का हे आधी विचारून घ्या. एकरकमी मदत मिळाली तर क्रम असा ठेवा: भाड्याची थकबाकी, तुटायला आलेली वीज-पाण्याची जोडणी, ज्यावर व्याज सर्वांत जास्त ते कर्ज, आणि उरलं तर एका महिन्याचं भाडं बाजूला. नव्या घरात जाताना अनामत, पहिलं भाडं आणि सामान हलवण्याचा खर्च मिळून दोन ते चार महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे एकदम लागतात. तेवढी तयारी होण्याआधी जुनं घर सोडत असल्याचं कळवू नका. आणि जुन्या घरमालकाकडून अनामत परत घेताना घराचे फोटो, राहायला जाताना काढलेले आणि सोडतानाचे, दोन्ही दाखवता यायला हवेत.

पैशाने न सुटणारं

घरमालकाला जागा स्वतःसाठी हवी असेल, इमारत पाडायची असेल, भाडेकरूच्या जातीधर्मामुळे किंवा मुलांच्या संख्येमुळे त्याला काढायचं असेल, किंवा परवडणारी घरंच शिल्लक नसतील, तिथे रोख मदत काही महिने पुढे ढकलण्यापलीकडे जात नाही. अशा प्रकरणांसाठी एक वकील आणि एक मध्यस्थी करणारा कार्यकर्ता यांच्याशी योजना सुरू होण्याआधीच बोलून ठेवावं, आणि नोंदणीच्या अर्जावर 'घर जाण्याचं कारण' असा रकाना ठेवावा. 'भाडं थकलं' सोडून दुसरं काहीही त्यात आलं, की ती फाइल त्याच दिवशी त्यांच्याकडे जावी.